कडा नव्हे, दरड

मराठी प्रवासवर्णनांत एक वाक्य हमखास येतं. लेखक परदेशातल्या एखाद्या देखण्या ठिकाणी पोचतो, दोन ओळी स्तब्ध होतो आणि तिसऱ्या ओळीत म्हणतो, हे तर थेट आपल्या अमुकसारखं! मग तो अमुक म्हणजे कधी महाबळेश्वर, कधी वरंध घाट, कधी आंबोलीचा पाऊस. कॉलेजात असताना घरातले जुने दिवाळी अंक वाचायचो तेव्हा या वाक्यापाशी आलो की मी पान उलटायचो. एवढं तिकीट काढून, व्हिसाच्या रांगेत उभं राहून गेलात आणि दिसलं काय, तर महाबळेश्वर!

गेल्या उन्हाळ्यात आईबाबा टोरांटोला आले. त्यांना स्कारबरो ब्लफ्स दाखवायला घेऊन गेलो आणि या वाक्याकडे मला नव्याने बघावं लागलं. कारण तिथे ते वाक्य मीच वापरलं होतं.

आधी जागेबद्दल. टोरांटोच्या पूर्वेला ऑन्टारिओ सरोवराच्या काठाने सुमारे 15 किलोमीटर उभ्या उतारांची एक रांग आहे. सगळ्यात उंच जागी ती जवळपास 90 मीटर भरते. ब्रिम्ली रोडने गाडी पार खाली उतरवली की ब्लफर्स पार्क लागतं. हिरवळ, बोटींचा धक्का, वाळूचा लांब किनारा. पाठ पाण्याकडे केली की समोर फिकट पिवळ्या-करड्या भिंती, त्यांना मधेच सुळके फुटलेले. म्हणून त्या भागाला कॅथीड्रल ब्लफ्स म्हणतात. पाणी निळं असतं, पलीकडचा काठ दिसत नाही. आई पंधरा मिनिटं त्याला समुद्रच म्हणत होती. "आई, तलाव आहे गं हा." तर म्हणाली, "तलाव म्हणजे रंकाळा. हे काय!" सरोवराची लांबी 300 किलोमीटरच्या वर, रुंदी सुमारे 85. तिचं काही चुकत नव्हतं. फक्त खारा वास नव्हता, तेवढं तिला खटकत होतं.

खाली सगळं छान झालं. मग आम्ही गाडीने वर गेलो. वरच्या बाजूलाही बागा आहेत आणि तिथून सरोवर खूप खाली, पसरलेलं दिसतं. कुंपण आहे, पाट्या आहेत. कुंपणाला एके ठिकाणी लोकांनी जा-ये करून वाट पाडली होती. मी आईचा फोटो काढत होतो तेवढ्यात बाबा त्या वाटेने पलीकडे गेले. बाबांनी तरुणपणी अर्धा सह्याद्री पालथा घातलाय. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पोटावर झोपून खाली बघितल्याची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलोय. ते त्याच सवयीने, शांतपणे, कडेच्या गवतावर चालत निघाले होते.

"बाबा, मागे या!"

"अरे, काही होत नाही. कडा आहे."

"कडा नाहीये तो. दरड आहे दरड!"

ते थांबले. पायाखाली बघितलं. आल्या पावली परत आले आणि कुंपणाच्या अलीकडे आल्यावर माझ्यावरच चिडले. "मग तसं आधी सांगायचं ना. दोन महिने फोनवर कोकणकडा, कोकणकडा करतोयस."

खरंच करत होतो. व्हिडिओ कॉलवर त्यांना उत्साह यावा म्हणून दर रविवारी सांगायचो, बाबा, इथे एक जागा आहे, थेट आपल्या कोकणकड्यासारखी.

कोकणकडा बेसॉल्टचा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर थंड होऊन झालेला. त्याच्यावरून माणूस पडू शकतो, पण सहसा कडाच माणसाच्या पायाखालून निघून जात नाही. ब्लफ्समध्ये खडक नाही. हिमयुगात एका मोठ्या नदीच्या मुखाशी साठलेली वाळू आणि चिकणमाती, त्यावर हिमनद्यांनी आणून टाकलेला गाळ, असे थरावर थर आहेत. ए. पी. कोलमन या भूगर्भशास्त्रज्ञाने ते थर वाचले. खालच्या थरांत पानांचे आणि भुंग्यांचे अवशेष सापडतात. म्हणजे हे सगळं हिमयुगाच्या हजारो वर्षांत साठलेलं, न घट्ट झालेलं. खालून लाटा पाया खातात, आतून भूजल पाझरतं, वरून पाऊस. माती खालून निघून जाते आणि वर गवताच्या मुळांनी धरलेला एक पापुद्रा तसाच अधांतरी राहतो. दिसतो सपाट. इथे फोटोसाठी कडेला गेलेल्या माणसांना सोडवायला अग्निशमन दलाला दोर घेऊन यावं लागतं, आणि असं वरचेवर होतं.

तर माझी उपमा दिसायला अगदी बरोबर होती: उंची, खालचा निळा पसारा, वारा, छातीत होणारं ते धस्स. आणि तिच्या भरवशावर बाबा चार पावलं पुढे गेले होते.

त्यानंतर मी एलिझाबेथ सिम्को हिची डायरी वाचली. या जागेचं नाव तिच्यामुळे पडलं हे इथे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. तिचा नवरा जॉन ग्रेव्ह्ज सिम्को हा अपर कॅनडाचा पहिला लेफ्टनंट गव्हर्नर. 1791 ते 1796 ती त्याच्याबरोबर इथे होती. डायरी लिहायची, जलरंगांत चित्रं काढायची. 1793च्या ऑगस्टमध्ये नावेतून जाताना तिला हे काठ दिसले, इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या किनाऱ्यावरचं स्कारबरो आठवलं आणि इथे उन्हाळ्यासाठी घर बांधून त्याला स्कारबरो म्हणावं असं नवराबायकोत बोलणं झालं. घर काही झालं नाही, नाव तेवढं राहिलं. त्याआधी या टाउनशिपला ग्लासगो म्हणत. म्हणजे तेही उसनंच. आणि त्याच्याही आधी इथे राहणाऱ्या मूळ लोकांचा या नामकरणाशी काही संबंध नव्हता. महाबळेश्वरचे पॉइंट आपण अजून गोऱ्या साहेबांच्या नावांनी मोजतो, तसलाच प्रकार.

मी डायरी उघडली ती राग घेऊनच. वाटलं, साम्राज्याची बाई, नव्या जगात येऊन जुन्याची लेबलं चिकटवणार. तिच्या काळच्या सुखवस्तू इंग्रजांना निसर्ग चित्रासारखा बघायची चटक होती. काही जण तर काळसर काचेचा छोटा आरसा जवळ ठेवायचे, देखाव्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि आरशात तो बघायचे. (सेल्फीला नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.)

पण त्या दिवसाची नोंद नीट वाचली तर तिथे उपमा एक नाही, दोन आहेत. आधी ती म्हणते की हे काठ खडूच्या पांढऱ्या कड्यांसारखे दिसतात. आणि लगेच त्याच दमात म्हणते, पण माझ्या मते ही नुसती पांढरी वाळू असावी. स्कारबरोचं बोलणं त्यानंतर येतं. वाक्य घाईचं आहे, मिरवणारं नाही. पण मला ते फार आवडलं. डोळ्यांनी एक उपमा दिली आणि बुद्धीने ती तिथल्या तिथे दुरुस्त केली, दोन्ही कागदावर राहू दिलं. इतिहासाने तिचं स्कारबरो उचललं आणि नकाशावर छापलं. ‘पण ही वाळू असावी’ हे मात्र कुठल्याच पाटीवर गेलं नाही. मी बाबांना फोनवर नेमकं तेवढंच सांगायला विसरलो होतो.

दुसरी गोष्ट जास्त बोचली. ही डायरी ती कुणासाठी लिहीत होती? सिम्को दाम्पत्य इकडे आलं तेव्हा दोन लहान मुलं बरोबर होती, आणि चार मोठ्या मुली मागे, डेव्हनमध्ये एका बाईंच्या देखरेखीखाली राहिल्या होत्या. या नोंदी तिकडे पाठवल्या जात. इथे आल्यावर झालेली धाकटी मुलगी कॅथरीन 1794च्या एप्रिलमध्ये, जेमतेम सव्वा वर्षाची असताना गेली. आताचं टोरांटो तेव्हा यॉर्क होतं. चार झोपड्या आणि गव्हर्नरचं कुटुंब तंबूत. हे घरच्यांना कळवायचं कसं? त्यांनी न पाहिलेली जागा त्यांनी पाहिलेल्या, निदान नाव ऐकलेल्या जागेच्या मदतीनेच सांगावी लागते.

इथे माझा जुना राग पातळ झाला. ‘थेट आपल्या अमुकसारखं’ हे मला आळशी नजरेचं लक्षण वाटायचं. ते मुळात पत्रातलं वाक्य आहे. मागे राहिलेल्या माणसाला जवळ ओढायचं वाक्य. आपली बरीच प्रवासवर्णनंही अशीच, ज्यांना तिकडे जायला कधीच मिळणार नाही अशा वाचकांसाठी लिहिली गेली. पु. ल. देशपांड्यांचं ‘अपूर्वाई’ 1960चं. तेव्हा विलायत म्हणजे सिनेमात बघायची गोष्ट. अशा वाचकाच्या हाताशी आपलं गाव ठेवलं नाही तर तो परका होऊन बसणार. ती उपमा त्याचा हात धरायची.

आजच्या प्रवासवर्णनांबद्दल मात्र माझी तक्रार कायम आहे. वाचक बदलला आणि वाक्य तसंच राहिलं. ब्लफ्स कसे दिसतात हे आज कुणालाही माझ्याकडून कळून घ्यायचं नसतं. ड्रोनचे व्हिडिओ पडलेत हवे तेवढे. मग लेखकाने तुलना करायची तर कशाची? माझं मत असं की ती जागा वागते कशी, याची करावी. पाणी आलं की तिचं काय होतं, वजन दिलं की काय होतं, पन्नास वर्षांत ती कुठे जाते. दिसण्याची उपमा चुकली तर फार तर रसभंग होतो, असं मी समजत होतो. ते खरं नाही. वाचक तिच्यावर पाय ठेवतो.

आणि मराठीत त्यासाठी शब्द होता. दरड. इंग्रजीतल्या ‘ब्लफ’ला प्रतिशब्द शोधताना मी दोन महिने कडा, सुळका, पठार असं चाचपडत होतो. मातीचा उभा, तुटलेला, ढासळणारा काठ याला आपल्याकडे कधीपासून दरड म्हणतात. शब्द इतका ओळखीचा की घाटातल्या बातम्यांपुरता राहिलाय. 2014ला माळीण, 2021ला तळिये, 2023ला इर्शाळवाडी. बाबांना त्या क्षणी भूगर्भशास्त्र सांगत बसलो असतो तर ते ऐकत अजून दोन पावलं पुढे गेले असते. दरड म्हटल्यावर त्यांच्या पायांना कळलं.

गंमत म्हणजे एलिझाबेथची स्कारबरोची उपमा तिला वाटली त्यापेक्षा खरी निघाली. 1993च्या जूनमध्ये, नामकरणाला बरोबर 200 वर्षं होत असताना, यॉर्कशरच्या स्कारबरोत काठावरची जमीन खचली आणि होलबेक हॉल नावाचं 1879चं हॉटेल तिच्याबरोबर कोसळलं. तिथेही हिमनद्यांनी टाकलेला गाळच होता. दोन गावं दिसण्यात किती सारखी कोण जाणे, वागण्यात सारखी.

या जागेबद्दल उपमेशिवाय कुणी बोललंय का, असं शोधताना डॉरिस मॅकार्थीपाशी पोचलो. चित्रकार. 1910चा जन्म, 2010ला गेल्या, पुरी शंभर वर्षं. 1939मध्ये त्यांनी इथे वर, काठालगत जमीन घेतली. आईने वेड्यात काढलं, म्हणाली हा तुझा मूर्खांचा स्वर्ग. त्यांनी घराचं नाव तेच ठेवलं, ‘फूल्स पॅरडाइज’. पुढे आत्मचरित्राच्या नावातही तो शब्द आला. सत्तर वर्षं एकाच ढासळत्या काठावर राहिलेल्या बाईला हे कशासारखं दिसतं असं विचारण्यात अर्थ नव्हता. ते कालच्यासारखं आहे का, एवढाच प्रश्न. मला दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ आठवतं ते याच कारणाने. बारा महिने तिथेच थांबून लिहिलं की परगावच्या उपमेची गरज कमी होते, जागा स्वतःशीच ताडून बघता येते. पण हे थांबणाऱ्यांचं झालं. दोन तासांचं पार्किंग मिळालेल्या माणसाने काय करावं, हा प्रश्न उरतोच, आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नाही.

एवढं मात्र कळलं की ढासळणं ही इथली दुर्घटना नाही, हा इथला व्यवसाय आहे. हजारो वर्षं ब्लफ्सची वाळू लाटांबरोबर पश्चिमेला वाहत गेली आणि तिची एक लांब जीभ तयार झाली. 1858च्या वादळात ती मुख्य भूमीपासून तुटली. तीच आजची टोरांटो आयलंड्स, शहराच्या बंदराला आडोसा देणारी. शहराचं प्रसिद्ध दृश्य ज्या बेटांवरून टिपतात ती या दरडीची माती आहे. उलट ज्या ब्लफर्स पार्कला आपण निसर्ग म्हणून बघायला जातो ते 1970च्या दशकात पाण्यात भराव टाकून केलेलं. त्या भरावामुळे लाटा आता कॅथीड्रल ब्लफ्सच्या पायथ्याला लागत नाहीत. पण पाया सुटका पावला तरी वरचा उतार स्थिर होईपर्यंत माती पडतच राहते. सुळके बोथट होतात, उतार निवतो, झाडी चढते. म्हणजे जे वाचवलं ते हळूहळू टेकडी होणार. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "चांगलंय की. मग तरी जाऊ देशील ना?"

परतीच्या वाटेवर ते मागच्या सीटवरून पुण्यातल्या ट्रेकच्या मित्राशी बोलत होते. "कोकणकडा वगैरे काही नाही रे. दरड आहे सगळी. पण काय दिसतं!" आईने तोवर फोटो स्टेटसला टाकला होता, खाली लिहिलं होतं, ‘टोरांटोचा समुद्र’. मावशीचा लगेच मेसेज आला, थेट आपल्या गणपतीपुळ्यासारखा गं.