जोगेंद्रनाथ मंडल : शिक्के पुसून वाचा

बाबासाहेब १९४६ साली घटना समितीवर बंगालातून निवडून गेले, हे आपण भाषणात छाती फुगवून सांगतो. निवडून आणायला तिथं कोण राबलं, हे विचारलं की आपली गाडी अडते. एखादा जोगेंद्रनाथ मंडल हे नाव घेतो आणि लगेच शिक्का मारून मोकळा होतो. कुणी म्हणतं, लीगचा हस्तक. कुणी म्हणतं, बिचारा भोळा. मला दोन्ही शिक्के मान्य नाहीत.

मंडल बरिसालचे, नामशूद्र. १९३४ ला वकील झाले. १९३७ ला राखीव नसलेल्या जागेवर काँग्रेसवाल्याला पाडून बंगालच्या कायदेमंडळात गेले. भोळी माणसं असल्या निवडणुका जिंकत नसतात.

मग लीगबरोबर का गेले? त्यांचा १९५० चा राजीनामा काढून वाचा. सूतगिरणीतली पाळी संपल्यावर मी तो वाचला, अडेल तिथं कोश बघत. मंडल लिहितात, बंगालातला मुसलमान शेतकरी, मजूर, कोळी. आमची माणसंही तीच. दोघंही शिक्षणात मागं. म्हणजे पोटाचा प्रश्न एक. यात चूक काय?

१९४३ साली नाझिमुद्दीन मंत्रिमंडळाला पाठिंबा देताना त्यांनी अटी घातल्या. दलितांचे तीन मंत्री घ्या, शिक्षणाला दरसाल ५ लाख रुपये द्या, नोकऱ्यांतला वाटा द्या. पाठीशी २१ दलित आमदार होते. हा वकिली सौदा झाला, आणि चोख झाला.

माझा आक्षेप पुढचा आहे. १९४६ च्या निवडणुकीत बंगालात शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचे ते एकटेच निवडून आले. अट घालायला पाठीशी माणसं लागतात, ती गेली. खुर्ची मात्र मोठी होत गेली. त्याच ऑक्टोबरात लीगतर्फे हंगामी सरकारात. १० ऑगस्ट १९४७ ला कराचीत पाकिस्तानच्या घटना समितीचे तात्पुरते अध्यक्ष. मग कायदा आणि मजूर खात्याचे मंत्री. पण १९५० ला बरिसाल, खुलन्याकडं आपल्या माणसांची घरं जळली तेव्हा या मंत्र्याचं कुणी ऐकेना. ऑक्टोबरात कलकत्त्याहून राजीनामा लिहिला.

तो राजीनामा म्हणजे पक्क्या वकिलाचा दावा आहे. गावांची नावं, तारखा, दिलेली वचनं, मोडलेली वचनं. पुरावा म्हणून तो कुणाला खोडता यायचा नाही. पण फेडरेशनतर्फे आपण एकटेच निवडून आलो, हे वाक्य लिहून मंडल पुढं सरकतात. का एकटेच, इथं थांबत नाहीत. जिथं थांबायला पाहिजे होतं तिथंच हा कागद पळतो.

मंडल १९६८ साली बंगालातच वारले. त्यांची माणसं निर्वासित होऊन दंडकारण्यापर्यंत फेकली गेली. काही आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात येऊन वसली. त्यांना आपण बंगाली म्हणतो आणि पुढं जातो. त्यांची जात विचारली तर ती आपलीच निघेल.

आजही आपण पुढाऱ्याला एवढंच विचारतो, कुणाबरोबर गेलास? दोस्तांनो, हा सवाल अर्धा आहे. किती माणसं घेऊन गेलास आणि अट काय घातलीस, हे विचारा. १९४३ चे मंडल त्याचं उत्तर देऊ शकत होते. १९४७ चे मंडल देऊ शकत नव्हते. या चार वर्षांत काय सुटलं, ते आपण शिकलो नाही तर आपल्यालाही खुर्ची मिळेल आणि घरं जळतच राहतील.