ओव्यांची मोजणी आणि ओव्यांची जाण

संगणकाच्या साह्याने लोकवाङ्मयाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने जात्यावरच्या ओव्यांचा एक संग्रह अवश्य अभ्यासावा, असे आम्हांस वाटते. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी १९८० नंतर महाराष्ट्रातील खेड्यांतून लाखाहून अधिक ओव्या जमविल्या; बर्नार्ड बेल यांनी त्यांस संगणकावर व्यवस्था लावून दिली; २०१७ पासून ‘पारी’ हा ग्रामीण भारताविषयीचा संग्रह त्या ध्वनी व भाषांतर यांसह प्रसिद्ध करू लागला.

पण त्याचे मोल संख्येत नाही. जुन्या पुष्कळ पुस्तकांत ओवी उरे आणि गाणारी लोपे. येथे तिचे नाव व गाव ओवीबरोबर राहते. हे साधले, कारण डोंगरी मुलखातील गरिबांच्या संघटनेचे कार्य या संग्रहाच्या मुळाशी होते.

विषयवार वर्गीकरणाने शोध सुलभ झाला. तथापि एका बैठकीतील ओव्यांचा ओघ त्याने तुटतो. ‘सीता’ हा शब्द किती वेळा आला, हे यंत्र क्षणात सांगेल. दळणारीस सीतेच्या वनवासात स्वतःचा सासुरवास का दिसतो, हे तिच्यापाशी बसूनच कळावयाचे. म्हणून विद्यार्थ्याने आपला प्रबंध प्रथम त्याच ओसरीवर वाचून दाखवावा. तेथे जो टिकेल, तोच खरा.