ऑनलाइन अभ्यासक्रमाची पृष्ठरचना : कोठार की वाट?

विद्यापीठीय अभ्यासक्रमाचे ऑनलाइन पृष्ठ हे साधनांचे कोठार असावे की अध्ययनाची वाट, हा प्रश्न वरवर तांत्रिक भासला तरी वस्तुतः अध्यापनशास्त्राचा आहे. ९ जुलै २०१७ रोजी सुरू झालेल्या ‘स्वयं’ ह्या केंद्रीय योजनेच्या संदर्भात तो विशेष विचारणीय ठरतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या विनियमांत ह्या मार्गाने पुऱ्या करावयाच्या अभ्यासक्रमांची मर्यादा एका सत्रापुरती २० टक्के होती. २०२१ च्या विनियमांनी ती ४० टक्क्यांपर्यंत नेली. पृष्ठरचनेतील उणीव आता थेट पदवीच्या गुणवत्तेला बाधू शकते.

‘स्वयं’ची रचना चतुर्विध आहे : चित्रित व्याख्यान, वाचनसामग्री, स्वयंमूल्यमापन आणि शंकानिरसनासाठी चर्चापीठ. व्याख्यान चित्रित केले की अध्यापन संपले, ही समजूत ह्या रचनेने नाकारली, हे तिचे श्रेय होय. परंतु ही चार अंगे साधनांचे प्रकार आहेत. अध्ययनाच्या पायऱ्या नव्हेत. हा भेद विसरून पृष्ठाचे चार कप्पे पाडले, की वर्गात अध्यापक जो निर्णय घेतो—ग्रंथ केव्हा उघडावा, प्रश्न केव्हा विचारावा—तो एकट्या विद्यार्थ्यावर येऊन पडतो. उजळणी करणाऱ्यास असे कप्पे सोयीचे वाटतील, कारण काय शोधावयाचे हे त्याला ठाऊक असते. नवख्याला नेमके तेच ठाऊक नसते.

आकर्षकतेविषयीही असाच घोटाळा होतो. ग्वो, किम व रुबिन ह्यांनी २०१४ मध्ये ‘एडएक्स’च्या चार अभ्यासक्रमांतील सुमारे ६९ लाख दर्शनसत्रांचे विश्लेषण केले, तेव्हा आखूड चित्रफितींकडे प्रेक्षक अधिक टिकतो असे आढळले, आणि सहा मिनिटांची मर्यादा त्यावरून रूढ झाली. तथापि पाहण्यात गेलेला वेळ म्हणजे आकलन नव्हे. विवेचन मध्येच तोडल्याने तुकडा लहान होतो, सुबोध होतोच असे नाही. छेद घड्याळाप्रमाणे नव्हे, तर विचाराच्या सांध्यावर घेतला पाहिजे.

एम.ए.च्या वर्गासाठी ‘लीळाचरित्रा’वरील एका आठवड्याचे पृष्ठ रचावयाचे आहे असे मानू. आरंभी एकच लीळा व तिच्या निवेदनासंबंधी एक प्रश्न असावा. विद्यार्थ्याने चार ओळींत उत्तर लिहिल्यावर व्याख्यान यावे. त्यानंतर दुसरी लीळा व चाचणी. आणि चर्चेसाठी पहिलेच उत्तर पुन्हा तपासावयास सांगावे. येथे साधने तीच चार आहेत, पण प्रत्येकास पुढच्याची गरज निर्माण करावयाची आहे. अशा पृष्ठास सजावटीची निकड फारशी उरत नाही, कारण विद्यार्थ्याचे कुतूहल प्रश्नातच गुंतलेले असते.

ह्या पद्धतीत अध्यापकाचे श्रम वाढतात, हा आक्षेप खरा आहे. ते श्रम वाचविले, तर त्यांचा भार विद्यार्थ्यावर पडतो. आणि गावी भ्रमणध्वनीच्या लहानशा पडद्यावर एकट्याने शिकणाऱ्या विद्यार्थ्यास तो सर्वांत जड जातो. म्हणून पृष्ठाचे परीक्षण करताना त्यावर किती सामग्री आहे ह्यापेक्षा, पहिल्या वाचनानंतर विद्यार्थ्याने काय करावयाचे हे त्यावरून कळते की नाही, हेच प्रथम पाहिले पाहिजे.