वाचून दाखवणारी पिढी

आमच्या परिसंवादांतून अलीकडे एक तक्रार वारंवार ऐकू येते. नवी पिढी पुस्तक उघडत नाही, जयंतीच्या व्याख्यानाला बसत नाही, मोबाईलमध्ये मान घालून असते. त्यामुळे दलित साहित्याशी तिची नाळ तुटली. नव्या पिढीचेही उत्तर तयार असते. तुमच्या नियतकालिकांत आम्हाला जागा नव्हती, मोबाईलने आम्हाला आवाज दिला, असे ती म्हणते. दोघेही यंत्राविषयी भांडत आहेत. घरातील अक्षर जाणणारा माणूस अक्षर न जाणणाऱ्या माणसाचे काय देणे लागतो, हा प्रश्न मात्र दोघांच्याही भांडणात येत नाही. आमच्या समीक्षेनेही तो नीट विचारलेला नाही.

प्रस्थापित मराठी साहित्यात पत्र ही खाजगी गोष्ट आहे. एकाने लिहायचे, दुसऱ्याने एकांतात वाचायचे. आपल्या वस्तीत असा एकांत कुणालाच परवडला नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केले, तेव्हा ‘केसरी’ने पैसे देऊनही त्याची जाहिरात छापली नाही. दारे अशी बंद होती. आणि ज्या समाजासाठी पत्र निघाले, त्याला तर शतकानुशतके अक्षरबंदी होती. अशा समाजासाठी पत्र काढणे म्हणजे ते वाचून दाखवणारा कुणीतरी आहे यावर विश्वास टाकणे. पुढे भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलशांतून हेच काम गाऊन केले. आपल्या चळवळीचा पाया वाचकाइतकाच या वाचून दाखवणाऱ्यावर उभा आहे.

त्या कामात सत्ताही असते, हे मी लहानपणीच शिकलो. गावाहून आलेले आंतरदेशीय पत्र आजी माझ्याकडून वाचून घेई. मामाने पैसे मागितल्याची ओळ एकदा मी गाळली. घरात पैसे नाहीत हे मला ठाऊक होते. आजीला वाईट वाटू नये म्हणून मी गाळली, असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगत आलो. आज वाटते, तिच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार मला कुणी दिला होता? चौथीतल्या अक्षरांनी. शिकलेल्या पिढीचा आणि न शिकलेल्या पिढीचा दुरावा तिथेच सुरू होतो. मोबाईल फार नंतर आला.

आपल्या आत्मकथनांकडे या दृष्टीने पाहिले तर त्यांची थोरवी वेगळीच दिसते. ‘बलुतं’ (१९७८) मध्ये दगडू पवार सांगतो आणि दया पवार ऐकतो. शिकून पांढरपेशा झालेल्या माणसाने आपल्यातल्याच न विसरलेल्या माणसापुढे खाली बसून ऐकावे, अशी त्या पुस्तकाची रचना आहे. इथे अक्षर जाणणाऱ्याने सत्ता सोडली आहे. बेबीताई कांबळे फलटणला दुकान चालवत. सामान बांधायला आणलेली रद्दीतली वर्तमानपत्रे त्यांनी वाचली, घरच्यांपासून लपवून वह्या लिहिल्या आणि वर्षानुवर्षे त्या झाकून ठेवल्या. त्यांतून ‘जिणं आमचं’ (१९८६) आले. वह्या लपवाव्या लागल्या, हा आपल्या घरांतील पुरुषसत्तेवरचा आरोप आहे आणि तो आपण मान्य केला पाहिजे. पण वह्या कागदाच्या होत्या म्हणून टिकल्या. शांताबाई कांबळे यांच्या ‘माज्या जल्माची चित्तरकथा’वर १९९० साली दूरदर्शनवर ‘नाजुका’ ही मालिका आली. वाचता न येणाऱ्या बाईलाही ती कहाणी नातवाच्या मध्यस्थीवाचून पाहता आली.

मोबाईलने याच्या पुढचे पाऊल टाकले. पवईत आमच्या वस्तीतल्या बाया आता पत्र लिहून घ्यायला कुणाकडे जात नाहीत. खूण दाबायची आणि बोलायचे. आवाज गावच्या बहिणीकडे पोचतो. ज्या बोलीला छापील मराठीने उंबऱ्यावर उभे केले, ती बोली आता कुणाची परवानगी न घेता प्रवास करते. हा फार मोठा बदल आहे, आणि मोबाईलच्या नावाने बोटे मोडणाऱ्या आमच्या जुन्या कार्यकर्त्यांना तो दिसत नाही.

पण नव्या पिढीलाही एक गोष्ट सुनावली पाहिजे. हे आवाज राहतात कुठे? फोन भरला की मुलगा आईचे निरोप पुसून टाकतो. बेबीताईंची वही लपवलेली होती, तरी ती आपल्यापर्यंत आली. आईचा आवाज कुणी लपवलेला नाही, तरी तो जातो आहे.

६ जून २०२४ रोजी पवईतील जय भीम नगर महापालिकेने पाडले. ऐन पावसाळ्यात माणसे पदपथावर आली. पोरांनी त्या दिवसाचे चित्रण केले, ते हातोहात फिरले, आणि ते व्हायलाच हवे होते. पण पडणारी भिंत चित्रात येते. ती कुणी, कोणत्या मजुरीतून, कितव्यांदा बांधली होती ते येत नाही. ते भिंत बांधणाऱ्या बाईच्या तोंडी आहे. समोर डोंगराच्या कुशीत १९५८ साली स्थापन झालेली आयआयटी उभी आहे. आवाज अक्षरात उतरवणारी यंत्रेही आता आली आहेत. माझ्या फोनला मात्र आईचे ‘व्हतं’ कळत नाही. तो ‘होतं’ असे लिहून मोकळा होतो. मी लहानपणी ओळ गाळत होतो, यंत्र उच्चार गाळते. दोन्हीकडे कापला जातो तो बोलणाराच.

म्हणून माझे सांगणे साधे आहे. मोबाईल टाकून द्या असे मी तरुणांना म्हणणार नाही. त्याच मोबाईलवर आईला, आजीला बोलते करा. ते बोलणे जसेच्या तसे, तिच्या ‘व्हतं’सकट कागदावर उतरवा. मग तिलाच वाचून दाखवा आणि ती म्हणेल तिथे दुरुस्त करा. आमच्या समीक्षेने अशा लेखनाला माहितीचा कच्चा माल न समजता साहित्य म्हणून तपासावे, त्याचे दोषही दाखवावेत. आपण पहिल्यांदा अक्षर शिकलो ते घरचे पत्र वाचून दाखवण्यासाठी. ते काम संपलेले नाही. फक्त आता गाळलेली ओळ परत घालायची आहे.