वाहतूक-नियोजनाचे अध्ययन आणि गणनेबाहेरचा प्रवास

वाहतूक-नियोजन हा विषय भारतीय विद्यापीठांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात आता चांगलाच स्थिरावला आहे. अलीकडे त्यास ‘शाश्वत प्रवास’ या नव्या संशोधनशाखेची जोड मिळाली आहे. तथापि कोणत्याही शास्त्राची परीक्षा त्याच्या परिभाषेवरून होत नसते. ते शास्त्र काय मोजते आणि काय मोजण्याचे टाळते, यावरून ती होते. या दृष्टीने पाहता खानदेशातील फैजपूर हे या शास्त्राच्या परीक्षेचे एक उत्तम स्थळ ठरावे. डिसेंबर १९३६ मध्ये राष्ट्रीय सभेचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन येथे भरले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. येथे रेल्वे नाही. सावदा हे भुसावळ-खांडवा मार्गावरील स्थानक त्यातल्या त्यात जवळचे. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस तापी आणि तापीपलीकडे भुसावळ व जळगाव ही बाजारपेठेची, कचेऱ्यांची व रुग्णालयांची शहरे, अशी या गावाची भौगोलिक स्थिती आहे.

या विषयाच्या अभ्यासक्रमाचा कणा म्हणजे चतुष्पदी प्रतिमान होय. प्रवासाची निर्मिती, त्याचे वितरण, साधनांची विभागणी आणि मार्गांची निश्चिती या त्याच्या चार पायऱ्या. १९५० नंतरच्या दशकात डेट्रॉइट व शिकागो या अमेरिकन शहरांच्या पाहण्यांतून ते आकारास आले. महामार्ग किती रुंद करावेत, हा त्या शहरांपुढील प्रश्न होता आणि त्या प्रश्नास हे प्रतिमान योग्यच होते. परंतु त्याच्या मुळाशी एक गृहीत आहे : घर स्थिर, कामाचे ठिकाण स्थिर आणि त्या दोहोंमधील येरझार नित्याची. फैजपूरच्या परिसरात शेतमजुराच्या बाबतीत हे गृहीत पहिल्याच पायरीवर कोसळते. निंदणीस जाणाऱ्या मजूर स्त्रीचे कामाचे ठिकाण आज न्हावीच्या शिवारात, तर उद्या बामणोदच्या शिवारात असते. केळीची कापणी करणारी टोळी माल भरावयाच्या गाडीबरोबर गावोगाव फिरते. हा प्रवास कधी पायी, कधी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, तर कधी मालवाहू रिक्षातून होतो. मालवाहू वाहनातील माणूस प्रवासी म्हणून मोजला जात नाही आणि पायी चालणारा तर रस्त्यावरील वाहनगणनेत मुळी येतच नाही.

हा दोष केवळ परदेशी प्रतिमानाचा आहे, असे मानण्याचे मात्र कारण नाही. भारताच्या २०११ च्या जनगणनेत कामासाठी होणाऱ्या प्रवासाचे अंतर व साधन विचारले गेले. पदव्युत्तर प्रबंधांस ही सामग्री मोठ्या मोलाची वाटली, आणि ते स्वाभाविकही होते. परंतु हे कोष्टक ‘इतर कामगारां’पुरतेच आहे, शेतकरी, शेतमजूर व घरगुती उद्योगातील कामगार त्यातून वगळले आहेत. त्याच जनगणनेनुसार देशातील सुमारे ४८ कोटी काम करणाऱ्यांपैकी २६ कोटींहून अधिक माणसे शेतकरी व शेतमजूर होती. म्हणजे निम्म्याहून अधिक श्रमिकांचा कामावर जाण्याचा प्रवास या कोष्टकाच्या बाहेर राहिला. अशा कोष्टकावरून एखाद्या ग्रामीण तालुक्याच्या ‘प्रवासवर्तना’चे निष्कर्ष काढणे म्हणजे आठवडेबाजाराचा अंदाज एका दुकानाच्या वहीवरून बांधण्यासारखे आहे.

रस्त्यांच्या नियोजनाचा इतिहासही हीच मर्यादा दाखवितो. १९४३ च्या नागपूर योजनेने शेतीप्रधान भागातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये, असे प्रमाण ठरविले. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने सपाट प्रदेशातील ५०० लोकवस्तीपर्यंत रस्ता नेण्याचे उद्दिष्ट ठेविले. ही दोन्ही कार्ये थोर होत, यात शंका नाही. परंतु त्यांत मोजला गेला तो रस्ता. त्या रस्त्यावरून कोणास, केव्हा व किती पैशांत जाता येते, हे मोजले गेले नाही. २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप चालला. त्या काळात रस्ते होते तेथेच होते. दुर्मिळ झाली ती एस.टी. त्या महिन्यांत कोणी केवळ साधन बदलले आणि कोणाचा प्रवासच थांबला, हा प्रश्न एखाद्या प्रबंधाचा विषय होण्यास सर्वथैव योग्य आहे.

‘शाश्वत प्रवास’ या संकल्पनेचीही अशीच चिकित्सा करणे अवश्य आहे. पाश्चात्त्य वाङ्मयात तिचा रोख मोटारीतील माणसाला बसकडे, सायकलकडे वा पायी चालण्याकडे वळविण्यावर आहे. फैजपूरसारख्या ठिकाणी ओघ नेमका उलटा आहे. येथे पायी, सायकलने व एस.टी.ने जाणारा माणूस हप्त्याने दुचाकी घेतो. कारण शेवटची गाडी चुकली तर त्याला रात्र परगावी काढावी लागते. तेव्हा मोटार कशी सोडवावी हा येथील प्रश्न नसून, एस.टी.चा प्रवासी एस.टी.कडेच कसा टिकावा, हा आहे. मार्च २०२३ पासून स्त्रियांना एस.टी.च्या भाड्यात निम्मी सवलत मिळाली. परंतु गाडी वेळेवर नसेल तर स्वस्त तिकिटाचा उपयोग तो किती ?

याच ठिकाणी एक मोह टाळावयास हवा. पायी शेतात जाणाऱ्या मजूर स्त्रीचा प्रवास धूररहित आहे, म्हणून तो ‘आदर्श’ ठरवणे हा अभ्यासकाचा आत्मसंतोष होईल. तिने चालणे पत्करले आहे ते पर्यायाच्या अभावी. दारिद्र्यातून आलेला अल्प-इंधन प्रवास आणि सोयीतून आलेला अल्प-इंधन प्रवास हे हवेच्या मापनात सारखे असतील. न्यायाच्या मापनात नाहीत. म्हणून इंधनाच्या मोजमापाबरोबर प्रवासातील श्रम, वेळ व धोका यांचे मोजमाप झाल्याविना या शाखेस शास्त्राची पूर्णता येणार नाही.

अशा पाहणीस साधने अपुरी पडतात, हा आक्षेप घेतला जाईल. त्याला उत्तर महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या गोखले संस्थेतर्फे धनंजयराव गाडगीळ व एल. व्ही. गोगटे यांनी मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांच्या मोटार-बस वाहतुकीची पाहणी केली आणि ती १९३५ साली प्रसिद्ध झाली. चतुष्पदी प्रतिमान तेव्हा जन्मालाही आले नव्हते. देशी प्रश्न देशी भूमीवर मांडण्याची परंपरा येथे आहे. अभ्यासक्रमाने तिच्याकडे पाठ फिरविली, इतकेच.

चतुष्पदी प्रतिमान टाकून द्यावे, असे यातून निष्पन्न होत नाही. मोठ्या शहरांस त्याची गरज आहेच. परंतु पदव्युत्तर विद्यार्थ्याने संगणकापुढे बसण्यापूर्वी एक आठवडा फैजपूरच्या बसस्थानकावर आणि एक आठवडा पहाटेच्या शिवाररस्त्यावर गणना करावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. जो प्रवास मोजलाच गेला नाही, त्याचे नियोजनही होत नाही. आणि ज्याचे नियोजन होत नाही, त्याचा भार अखेर चालणाऱ्याच्या पायांवर पडतो.