पलुस्करांच्या गावात रेकॉर्ड ऐकताना

नाशिकमध्ये शास्त्रीय संगीत ऐकणारी दोन माणसं भेटली की ख्यालीखुशालीच्या पाठोपाठ प्रश्न येतो, "सध्या काय ऐकताय?" कुणाचा मल्लिकार्जुन मन्सूरांचा शिवमत भैरव चालू असतो, कुणी किशोरीताईंच्या भूप-बागेश्रीच्या एलपीकडे परत वळलेला असतो, कुणाला अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी सोडवत नसते. नाव निघालं की संध्याकाळपर्यंत ते गाणं सगळ्या मित्रमंडळींच्या फोनवर पोचतं. ऐकायला मिळण्याच्या बाबतीत इतकी सुबत्ता आपल्याकडे पूर्वी कधी नव्हती. तरीही रेकॉर्ड ऐकण्याची कला आज अशक्त झाली आहे असं माझं मत आहे, आणि नाशिकमध्ये ते मला जास्त टोचतं.

कारण हे पलुस्करांचं गाव. 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारे विष्णु दिगंबर उत्तरायुष्यात पंचवटीत येऊन राहिले आणि त्यांनी इथे रामनाम आधार आश्रम उभा केला. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय, म्हणजे आपले डी. व्ही. पलुस्कर, 28 मे 1921 रोजी नाशिकलाच जन्मले. 1931मध्ये वडील गेले तेव्हा ते दहा वर्षांचे होते. पुढची तालीम मुख्यतः वडिलांच्याच शिष्यांकडून, विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांच्याकडून झाली. 1935 साली जालंधरच्या हरवल्लभ संमेलनात हा मुलगा गायला, 1944मध्ये त्याची पहिली तबकडी निघाली आणि ऑक्टोबर 1955मध्ये, चौतिसाव्या वर्षी, सगळं संपलं. तबकड्यांचा काळ म्हणून हातात उरतात जेमतेम अकरा वर्षं.

या अकरा वर्षांतलं आपण काय ऐकतो? भजनं. रामनवमीला पलुस्करांचं तुलसीदासांचं भजन लागलं नाही असं घर शोधावं लागेल. ती भजनं थोरच आहेत. शब्द कुठेही न चुरगाळता स्वर इतका स्वच्छ लावणं ही आयुष्यभराची साधना असते. पण त्या लोकप्रियतेमागे त्यांच्या ख्यालाच्या तबकड्या झाकल्या गेल्या. गौडसारंग, श्री, तिलक कामोद यांचं नाव काढलं की जाणते रसिकही म्हणतात, "छान आहेत, पण तीन मिनिटांत राग तो काय कळणार?"

हा समज मला मुळातच चुकीचा वाटतो. 78 फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीची एक बाजू साधारण सव्वातीन मिनिटांची. पुष्कळ गायक तेवढ्यात मैफलीचं गाणं कोंबायला गेले आणि घाईला आले. पलुस्करांनी ती मर्यादा बंदिशीच्या मापासारखी स्वीकारली. त्यांची गौडसारंगाची द्रुत चीज घ्या. या रागाची चाल वाकडी, "ग रे म ग, प रे सा" ही त्याची ओळख. जलद लयीत ती वळणं सपाट होण्याचा धोका मोठा. पलुस्कर मुखडा मांडतानाच ती वळणं कानात पक्की बसवतात, मग आलाप, बोल, ताना अशी बढत करतात, आणि तानेच्या ओघातही राग वाकडाच राहतो. समेवर येताना कुठे धक्का नाही. पलुस्करांच्या ग्वाल्हेर गायकीत बंदिशीला केंद्रस्थान असतं हे वाक्य आपण पुस्तकांत वाचतो. ते सिद्ध होताना ऐकायचं तर या सव्वातीन मिनिटांत ऐकावं. मात्र ती बाजू एकदा ऐकून भागत नाही. पहिल्यांदा राग ऐकावा, मग बोलांची फेक, मग नुसता ठेका, मग कुठल्या आवर्तनात नवं काय आलं ते. तासाभराच्या मैफलीत हे करायला उसंत नसते. तबकडी ती देते. केसरबाई केरकरांची जी भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली, तीही साडेतीन मिनिटांचीच आहे आणि तिच्यात काही उणं आहे असं अजून कुणी म्हटलेलं नाही.

अशा एका बाजूचं मोल ती नसते तिथे कळतं. 1922मध्ये गेलेल्या भास्करबुवा बखल्यांचं गाणं मुद्रित झालं नाही. बालगंधर्व, मास्तर कृष्णराव या शिष्यांच्या गळ्यातून त्यांचा अंदाज बांधण्यापलीकडे आपल्याला गत्यंतर नाही. एकच बाजू मागे राहिली असती तरी ती आपण कशी जपली असती!

लांब रेकॉर्डिंगचं मोल मी कमी करत नाही. 1952 साली आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. खासगी मैफली स्पूलच्या फितींवर उतरल्या. पुढे पुण्याच्या अलूरकरांसारख्या जाणकारांनी कॅसेटमधून निवडक गाणं घरोघर पोचवलं. हे नसतं तर मन्सूरांचे अनवट राग किती जणांच्या कानी पडले असते? दुखणं पुढे आहे. हा ठेवा आज फिरतो तो निनावी. तबल्यावर कोण, पेटीवर कोण, साल कुठलं, मैफल कुणाकडे, काही लिहिलेलं नसतं. रागाचं नाव चुकतं, सुरुवातीचा आलाप कापलेला असतो, खरखर काढताना तानपुऱ्याची आसही पुसली जाते.

आणि फिरकीचा वेग! जुन्या काळी सगळ्या तबकड्या नेमक्या 78 फेऱ्यांवर घेतल्या जात नसत. 78च्या जागी 80 फेऱ्यांनी फिरवली तर आवाज काळी एक आणि पांढरी दोन यांच्यातल्या अंतराच्या जवळजवळ निम्म्याने चढतो, लयही वाढते, आणि आवाजाचा पोतच पालटतो. अशा चढलेल्या आवाजावरून "अमक्यांचा आवाज बारीक होता" असा निवाडा देणारे मी ऐकले आहेत. तो त्या गायकावर अन्याय आहे.

दुसरी उणीव बोलण्याची. केशवराव भोळ्यांनी टोपणनावांनी गायकांवर लिहिलं तेव्हा आवाज कसा लागतो, शब्द कुठे तुटतो, ताल कसा धरला जातो, हे नेमकेपणाने मांडलं. वामनराव देशपांड्यांच्या 'घरंदाज गायकी'ने 1961मध्ये स्वर आणि लय यांच्या तोलावरून घराणी ताडून पाहायची रीत दिली. त्यांच्याशी वाद घालता येतो, आणि तेच त्या लेखनाचं बळ. आज आवडती रेकॉर्ड पाठवणारा "अप्रतिम" लिहितो, ऐकणारा "स्वर्गीय" म्हणतो, आणि पाचव्या मिनिटाला दुसरं गाणं येतं. आवडलं म्हणजे काय आवडलं, हे सांगायचा कंटाळा रसिकतेला मारक आहे. एकाच रागाच्या दोन तबकड्या लागोपाठ लावून "इथला निषाद बघा" एवढं जरी कुणी म्हणालं तरी बैठक जिवंत होते.

मुंबईत 1990 साली डॉ. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेकॉर्ड संग्राहकांची संस्था उभी केली, तिचं नियतकालिक काढलं, तबकड्यांच्या याद्या आणि त्यांचे क्रमांक नोंदवले. त्या शिस्तीची नाशिकला गरज आहे. 1840पासूनचं सार्वजनिक वाचनालय या गावात आहे, पलुस्करांच्या नावाचं सभागृह पंचवटीत आहे. तिथे मैफली व्हाव्यातच. त्यासोबत महिन्यातून एक संध्याकाळ फक्त रेकॉर्ड ऐकण्यासाठी राखावी. सुरुवात डी. व्ही. पलुस्करांच्या ख्यालांनी व्हावी. प्रत्येक बाजू दोनदा लावावी आणि दोन्हींच्या मध्ये मोकळेपणाने बोलावं. शिकणारी मुलं पुढे बसवावीत, कारण गुरूच्या घरी ज्या आवाजाची कहाणी ऐकली तो आवाज त्यांना इथे भेटेल.

याहून तातडीचं काम घरांच्या माळ्यांवर आहे. गावातल्या मैफलींच्या स्पूल फिती डब्यांत पडून आहेत. त्यांना बुरशी धरते, त्यांचा लेप सुटतो, आणि त्या वाजवणारी चालू यंत्रंही आता मोजकी उरली आहेत. कुणाचं गाणं, कुणाच्या घरी, साथीला कोण, मायक्रोफोन कुणी लावला होता, हे ज्यांना तोंडपाठ आहे ती मंडळी आज ऐंशीच्या पुढे आहेत. फीत संगणकावर उतरवणं पुढच्या वर्षावर गेलं तरी चालेल. त्यांच्याजवळ वही घेऊन बसणं याच महिन्यात व्हायला हवं.