पालकांचा माहितीचा हक्क आणि बालसुरक्षा : बाललैंगिक अपराध्यांच्या नोंदवहीची चिकित्सा

प्रस्तावना

नोव्हेंबर २०१६ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव तालुक्यात पाळा येथील आश्रमशाळेत आदिवासी मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याची तक्रार पुढे आली. दिवाळीच्या सुटीत मुली घरी परतल्या, तेव्हा घरच्यांना हा प्रकार समजला. मुख्य आरोप शाळेतील सफाई कामगारावर होता. परंतु मुख्याध्यापकासह शाळेशी संबंधित इतर अनेकांनाही अटक झाली. शासनाने विशेष तपास पथक नेमले आणि शाळेची मान्यता रद्द केली. अशा घटनेनंतर उपस्थित होणारा प्रश्न साधा आहे. ज्यांच्या हाती मूल सोपवायचे, त्यांच्या गुन्ह्यांचा पूर्वेतिहास आईबापांना विचारता येऊ नये काय? प्रस्तुत लेखात या हक्काचे स्वरूप, त्याची भारतीय स्थिती आणि त्याच्या मर्यादा तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

दोन परदेशी मार्ग

या हक्काचे दोन नमुने जगापुढे आहेत. अमेरिकेत १९९४ मध्ये न्यू जर्सी राज्याने ‘मेगनचा कायदा’ केला व १९९६ मध्ये त्यास संघराज्यीय कायद्याचे रूप मिळाले. त्यातून अपराध्यांची यादी कोणालाही पाहता येईल अशी व्यवस्था विकसित झाली. इंग्लंडचा मार्ग निराळा आहे. जुलै २००० मध्ये सारा पेन या बालिकेच्या हत्येनंतर जनआंदोलन उभे राहिले. २००८ मध्ये निवडक भागांत प्रयोग झाला आणि २०११ पर्यंत ही योजना इंग्लंड व वेल्समध्ये सर्वत्र लागू झाली. तेथे यादी जाहीर होत नाही. मुलाच्या संपर्कात येणाऱ्या विशिष्ट व्यक्तीविषयी पालक पोलिसांकडे विचारणा करतात. धोका आढळल्यास मुलाचे रक्षण करू शकणाऱ्या व्यक्तीलाच गोपनीयतेच्या अटीवर माहिती दिली जाते. पहिल्या मार्गात माहिती चव्हाट्यावर येते, तर दुसऱ्यात ती जबाबदारीसह हाती येते.

भारतीय स्थिती

२० सप्टेंबर २०१८ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने लैंगिक अपराध्यांची राष्ट्रीय माहितीसूची सुरू केली. आरंभीच तीत सुमारे ४ लाख ४० हजार नोंदी होत्या. ती केवळ तपास यंत्रणांसाठी आहे. पालकांना अथवा शाळांना ती पाहता येत नाही. दुसरीकडे, लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ अन्वये २०२० मध्ये केलेल्या नियमांनी मुलांच्या नियमित संपर्कात येणाऱ्या प्रत्येक संस्थेवर कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करून घेण्याचे बंधन घातले. म्हणजे माहिती पोलिसांकडे आणि कर्तव्य संस्थेकडे आहे. ज्याचे मूल आहे तो पालक मात्र या दोहोंच्या बाहेर उभा आहे.

हक्काच्या मर्यादा

तथापि यादी खुली करणे हा यावरील उपाय ठरत नाही. पहिली मर्यादा यादीच्या स्वरूपातच आहे. तीत सिद्ध झालेले गुन्हे येतात. दडपलेले गुन्हे येत नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांनुसार बालकांवरील बलात्काराच्या नोंदलेल्या प्रकरणांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी बालकाच्या ओळखीचा असतो. तो नातलग असल्यास त्याचे नाव जाहीर करणे म्हणजे पीडित बालकाची ओळख उघड करणे होय. अधिनियमाच्या कलम २३ ने प्रसारमाध्यमांना नेमकी हीच ओळख उघड करण्यास मनाई केली आहे.

दुसरी मर्यादा सामाजिक आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारे असल्याच्या अफवेवरून भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. जेथे केवळ संशय इतका घातक ठरतो, तेथे नावांची खुली यादी, विशेषतः नामसाधर्म्याच्या गोंधळासह, निरपराध भटक्यांच्या जिवावर बेतू शकते.

तिसरी मर्यादा बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात सर्वाधिक महत्त्वाची आहे. विचारणा करण्यासाठी आधी नाव माहीत असावे लागते. सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद वा संग्रामपूर तालुक्यातील एखादा आदिवासी पालक मुलीला निवासी शाळेत सोडून कामाला जातो. त्या शाळेत झाडलोट कोण करतो, रात्री वसतिगृहावर कोण असतो, हे त्याला ठाऊक नसते. अशा पालकाला केवळ विचारण्याचा हक्क देणे म्हणजे सर्वांत दुर्बल घटकावर दक्षतेचा भार टाकणे होय.

निष्कर्ष

म्हणून हक्काचा केंद्रबिंदू बदलणे आवश्यक ठरते. व्यक्तीचा गुन्हे-इतिहास सर्वांना पाहू देण्याऐवजी, सफाई कामगार व कंत्राटी कर्मचारी यांच्यासह प्रत्येकाची पडताळणी झाली किंवा नाही, केव्हा झाली, याचा लेखी पुरावा पालकांना मागता आला पाहिजे. पोलिसांनी ही पडताळणी स्थानिक ठाण्यापुरती न ठेवता राष्ट्रीय माहितीसूचीशी जोडावी. शाळेबाहेरच्या संपर्कासाठी, म्हणजे खासगी शिकवणी वा वाहनचालक यांच्याबाबत, इंग्लंडच्या धर्तीवर पोलिसांमार्फत गोपनीय विचारणेचा मार्ग विचारार्ह आहे.

नियम नव्हता असे नाही. २०२० चा नियम अस्तित्वात असतानाही ऑगस्ट २०२४ मधील बदलापूरच्या शाळेतील घटनेनंतर शासनाला शालेय कर्मचाऱ्यांच्या तपासणीचे आदेश पुन्हा द्यावे लागले. शिवाय पडताळणी ही भूतकाळाकडे पाहते. चालू अत्याचार थांबवण्यासाठी कलम १९ चे कर्तव्य, म्हणजे गुन्हा कळताच पोलिसांना कळविणे, हेच निर्णायक आहे. ते न पाळणाऱ्या संस्थाप्रमुखास कलम २१ अन्वये एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद आहे. पाळ्याच्या प्रकरणात शाळेतील इतरांना झालेली अटक हेच सूचित करते की, प्रश्न केवळ एका माणसाच्या पूर्वेतिहासाचा नव्हता. त्याच्या भोवतीच्या मौनाचाही होता. हे मौन कोणत्याही नोंदवहीत नोंदले जात नाही. ते मोडण्याची जबाबदारी मुलाला शाळेत सोडून गेलेल्या बापापेक्षा, त्याच शाळेत रोज हजेरी लावणाऱ्या शिक्षकावर अधिक येते.